गावाचं देऊळ कुठंय? युरोपच्या सहली काढणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सहल-संयोजक, टूर मॅनेजर आणि 'यंदा लंडन करायचंच' म्हणून पैसे भरून बसलेल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी इंग्लंडात, ग्लॉस्टरशरमधल्या सायरनसेस्टरजवळ राहते. इथे येऊन बावीस वर्षं झाली. ट्रॅव्हल कंपन्यांशी माझं काही वाकडं नाही आणि चर्चशी म्हणावं असं नातंही नाही. घरात देव्हारा आहे, दीड दिवसाचा गणपती असतो. तरीही शेजारच्या एका खेड्यातल्या चर्चची किल्ली महिन्यातले दोन दिवस माझ्याकडे असते. ती कशी आली ते पुढे सांगते. आधी गेल्या जूनमधली गोष्ट.

घरी पाहुणे आले होते, त्यांना जवळचं बायबरी हे गाव दाखवायला नेलं होतं. नदीकाठी उभे होतो तेवढ्यात एक लांबलचक बस येऊन लागली आणि कानावर खणखणीत मराठी आलं. "ऐका हो सगळ्यांनी! चाळीस मिनिटं. टॉयलेट, फोटो, आईस्क्रीम, आणि बरोब्बर सव्वाबाराला बसमध्ये. जो राहील तो टॅक्सीने, स्वखर्चाने!" हशा पिकला. मंडळी उतरली आणि पुलाकडे पांगली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या तासाभरात आणखी दोन बसगाड्या आल्या आणि सूचना तीच होती, फक्त भाषा वेगळी.

एक आजी मागे राहिल्या होत्या. पाचवारी साडी, वर स्वेटर, पायात सहलीसाठी घेतलेले नवे कोरे बूट, त्यातल्या एकाची लेस सुटलेली. नदीच्या कठड्याला टेकून इकडेतिकडे बघत होत्या. मला वाटलं, चक्कर आली की काय. विचारलं तर म्हणाल्या, "बरी आहे गं मी. मगाधरनं शोधतेय. नदी आहे, घरं आहेत, एवढं सगळं आहे. पण गावाचं देऊळ कुठंय?"

हे पत्र त्या प्रश्नापायी लिहिते आहे.

तुमच्या माहितीपत्रकात बायबरी म्हणजे एक फोटो असतो: उतरत्या दगडी छपरांची, मधाच्या रंगाची घरांची रांग. त्या रांगेचं नाव आर्लिंग्टन रो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ती लोकर साठवायचं कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं झाली. समोर जो पाणथळ हिरवा तुकडा दिसतो त्याचं नाव रॅक आयल. धुतलेलं कापड लाकडी घोड्यांवर ताणून तिथे वाळत घालायचे. म्हणजे तुम्ही ज्याला 'परीकथेतलं गाव' म्हणता ते मुळात विणकरांच्या वस्तीचं आणि कापड वाळत घालायच्या मैदानाचं गाव. इचलकरंजी-मालेगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो फोटो काढायच्या आधी एकदा नीट बघेल. पण सांगतं कोण? 'पासपोर्टवर छापलेली जागा' एवढं सांगितलं जातं. ते खोटं नाही, ब्रिटिश पासपोर्टात हे चित्र आलेलं आहे. पण त्यातून कळतं काय?

आणि त्या घरांत माणसं राहतात. खरोखरची, चहा करणारी, आजारी पडणारी. खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघणारे आपले लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांचा दोषही म्हणवत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की हा सेट नाही.

बायबरीची वस्ती साधारण सहाशेची. दिवसाला पन्नास-पन्नास बसगाड्या येत असल्याचं इथल्या वर्तमानपत्रांत छापून आलं. रस्ता बघितलात ना तुम्ही? बी ४४२५. दोन मोठ्या बसगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि मागे जायला जागा नसते. अखेर २०२५ मध्ये ग्लॉस्टरशर काउंटी कौन्सिलने गावाच्या मध्यावरच्या बस थांबण्याच्या जागा प्रायोगिक म्हणून बंद केल्या. तुमच्यापैकी काहींनी त्यावर त्रागा केल्याचं कानावर आलं. मला विचाराल तर उशीरच झाला. आपल्या गावच्या पाराशी रोज अशा पन्नास बसगाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहिल्या असत्या तर आपण कौन्सिलची वाट पाहिली नसती.

असो. आजींकडे येते.

म्हटलं, "आहे ना देऊळ. चला, दाखवते." नदीकाठाने दहा मिनिटांची वाट. आजींच्या चालीने पंधरा लागली. मधे एकदा लेस बांधायला थांबलो. पुलावरची गर्दी मागे पडली, मग आवाज मागे पडला, आणि वळणावरून आत गेल्यावर झाडांखाली सेंट मेरीज चर्च दिसलं. आत आम्ही दोघीच. बाहेर गावात त्या क्षणी निदान तीनशे माणसं असतील.

दाराशी आजींनी बूट काढले. म्हटलं, इथे काढायची पद्धत नाही. "त्यांची नसेल," म्हणाल्या, आणि मोज्यांनी आत गेल्या. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मी काही बोलले नाही.

बायबरी हे नाव एका बाईचं आहे, हे तुमच्या कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचलेलं नाही. आठव्या शतकात वूस्टरच्या बिशपने इथली जमीन एका सरदाराला आणि त्याच्या मुलीला त्यांच्या हयातीपुरती करारावर दिली. मुलीचं नाव बेआगे. तिची गढी, तिचा वाडा, म्हणून बेआगेची बरी, म्हणून बायबरी. तेराशे वर्षं गाव लेकीच्या नावाने ओळखलं जातं आहे. आजींना हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "मग माहेरवाशिणीचं गाव म्हण की!" यापेक्षा चांगला मथळा तुमच्या जाहिरात खात्याला सुचणार आहे का?

चर्चची मूळ इमारत सॅक्सन काळातली, म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याच्या आधीची. नंतर बाराव्या-तेराव्या शतकांत आणि पुढेही भर पडत गेली. आपल्या जुन्या देवळांत गाभारा एका काळचा, सभामंडप दुसऱ्या, दीपमाळ तिसऱ्या, तसंच. वेदीकडे जाणाऱ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना, खांब संपून कमान सुरू होते तिथले दगड बघा. कोरीव पानं-वेली आहेत, झिजलेल्या, बोटाने चाचपल्यावर जास्त कळतात अशा. हजार वर्षांपूर्वी कुणी पाथरवटाने छिन्नी धरली होती, तिचे घाव तुमच्या बोटाखाली येतात. हेमाडपंती देवळाच्या खांबावर हात फिरवताना जे होतं तेच इथे होतं.

सॅक्सन काळातल्या थडग्यांचे कोरीव दगडही इथे निघाले. चर्चमध्ये आहेत त्या त्यांच्या प्रतिकृती. अस्सल दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. आजींनी हे ऐकून मान डोलावली. "कळलं. सोनं लॉकरात आणि अंगावर बेन्टेक्स." गंमत म्हणजे तुमच्या सहलीत ब्रिटिश म्युझियमही असतं, तिथेही दीड तास असतो, आणि हा दगड आणि हे गाव यांची गाठ कुणी घालून देत नाही.

एका खिडकीसमोर आजी बराच वेळ थांबल्या. काचचित्र आहे, मेरी आणि बाळ, कार्ल पार्सन्स या कलावंताने १९२७ मध्ये केलेलं. त्यातला निळा रंग सांगून कळणारा नाही, ढग सरकला की तो बदलतो. १९९२ च्या नाताळात ब्रिटिश टपाल खात्याने २४ पेन्सच्या तिकिटावर हेच चित्र छापलं होतं. पासपोर्टावरच्या चित्रासाठी बस थांबते, तिकिटावरच्या चित्रासाठी थांबत नाही, एवढाच काय तो फरक!

मग मागच्या आवारात गेलो. चर्चचं आवार म्हणजे स्मशान, हे आधी सांगते, कारण याच दिवशी दुसऱ्या एका बसमधलं एक कुटुंब एका थडग्यावर डबा उघडून बसलेलं मी पाहिलं. बसायला सपाट, चिवडा ठेवायला ऐसपैस. मुद्दाम अपमान करणारी माणसं नव्हती ती. त्यांना ते बाक वाटलं. हलक्या आवाजात सांगितल्यावर बिचारे इतके ओशाळले की डबा तसाच बंद करून गेले.

ही थडगी आहेतच वेगळी. सतराव्या-अठराव्या शतकांतली, पेटीसारखी, आणि काहींच्या डोक्यावर दगडात कोरलेला लांब गोल वळकटीसारखा आकार. यांना 'बेल टूम' म्हणतात. बेल म्हणजे गठ्ठा, लोकरीचा गठ्ठा. हा आकार खरंच लोकरीच्या गठ्ठ्याचा, की तिरडीवर कापडाला आधार द्यायच्या कमानींचा, यावर जाणकारांत वाद आहे. मला लोकरीची बाजू आवडते, कारण इथे जगणं आणि मरणं दोन्ही लोकरीत होतं. हे शब्दशः घ्या. १६६६ पासून इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदेच केले होते की मृताला इंग्लिश लोकरीच्या कफनातच पुरायचं. लोकरधंदा टिकावा म्हणून. तशी शपथ घेऊन ते नोंदवावं लागे, मोडलं तर पाच पौंड दंड, त्यातला अर्धा चहाडी करणाऱ्याला आणि अर्धा गावातल्या गरिबांना. हा कायदा रद्द झाला १८१४ मध्ये. म्हणजे तुमचे लोक ज्या नदीकाठी बदकांना ब्रेड टाकतात तिथे वाळलेलं कापड शेवटी या आवारात मातीत जायचं. आर्लिंग्टन रो हा गोष्टीचा पहिला अर्धा भाग आणि हे आवार दुसरा. तुम्ही पहिल्या अर्ध्यावर पडदा पाडून लोकांना बसमध्ये बसवता.

इथवर आलो आणि आजींचा फोन वाजला. टूर मॅनेजर. काय बोलणं झालं ते लिहीत नाही. आजी शांतपणे म्हणाल्या, "देवळात आहे. येते." पलीकडून बहुधा 'कसलं देऊळ?' असं आलं असावं.

त्या मुलावर मी रागावलेली नाही. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, चाळीस माणसांची जेवणं, औषधं, रुसवेफुगवे त्याच्या डोक्यावर, आणि दोन वाजता पुढच्या ठिकाणी पोचायचं. कार्यक्रमपत्रिका त्याने केलेली नाही. ती तुमच्या ऑफिसात झाली, जिथे कुणीतरी 'कोट्सवोल्ड्स, अर्धा दिवस' (कोट्सवोल्ड्स म्हणजे हा आमचा टेकड्यांचा भाग) असं लिहून त्यात तीन गावं कोंबली.

आता किल्लीचं सांगते, कारण त्यात पैशाचा मुद्दा आहे आणि तुम्हाला तो कळेल.

आपल्या लोकांचा समज असतो की इंग्लंडात चर्च म्हणजे सरकारी खातं, राजा त्याचा प्रमुख, तेव्हा पैशाची ददात नसणार. तसं नाही. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे सोळा हजार चर्चं आहेत, त्यातली बारा हजारांवर संरक्षित वास्तू म्हणून नोंदलेली. गावच्या चर्चचं छप्पर गळलं तर ते दुरुस्त करायची जबाबदारी त्या गावच्या पॅरिश समितीची. समिती म्हणजे कोण? आमच्या शेजारच्या गावात नऊ माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावीच लागते, तसा १९५५ पासून नियम आहे. तपासणीचा कागद आला की समितीच्या घशाला कोरड पडते. एक कौल बदलायचा तरी तो त्याच जातीच्या दगडाचा हवा, परवानगी हवी, जाणता कारागीर हवा. छपरावर शिसं असेल तर चोर ते रातोरात सोलून नेतात. दुरुस्तीवर वीस टक्के व्हॅट. २००१ पासून सरकार तो अनुदान म्हणून परत देत असे, एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षासाठी त्याला एका वास्तूमागे पंचवीस हजार पौंडांची मर्यादा घातली. ज्यांनी वाड्याचं किंवा गावच्या देवळाचं छप्पर उतरवून पुन्हा चढवलंय त्यांना ती रक्कम किती पुरते ते सांगायला नको.

मी यात आले ती गवतापायी. टपाल कचेरीच्या काचेवर चिठ्ठी होती की चर्चच्या आवारातलं गवत कापायला माणूस हवा. आमच्याकडे यंत्र होतं आणि नवरा नुकताच निवृत्त होऊन घरात पायात पायात येत होता. त्याला पाठवलं. मग तो आजारी पडला तेव्हा मी गेले. मग कुणीतरी किल्ली हातात ठेवली. धर्म कुणी विचारला नाही. गवत सरळ कापता का, एवढं विचारलं.

तेव्हापासून दानपेटी उघडताना मी असते. जिथे गर्दी तिथे पेटी भरलेली असेल असं वाटतं ना? गर्दी नदीकाठी असते. कॉफी तिथे, आईस्क्रीम तिथे. ज्या वास्तूमुळे गाव हे गाव आहे तिच्यापर्यंत पावलंच येत नाहीत, तर नाणी कुठून येणार?

एक जुनी गोष्ट आठवते. बायबरीला इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर गाव म्हणणारा विल्यम मॉरिस, एकोणिसाव्या शतकातला कवी आणि कलावंत. त्याचं नाव तुम्ही माहितीपत्रकात वापरता, फुकटात. हा माणूस इथून जवळच केल्म्सकॉटला राहायचा. १८७७ मध्ये याच ग्लॉस्टरशरमधल्या ट्यूक्सबरीच्या ॲबीची, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चची, 'सुधारणा' होणार हे वाचून तो भडकला आणि त्याने एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. जुन्या भिंती खरवडून नव्यासारख्या करणं म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, असं त्याचं म्हणणं. त्या पत्रापाठोपाठ त्याच वर्षी जुन्या वास्तू जपणारी संस्था उभी राहिली, ती अजून काम करते. माझ्या पत्रातून संस्था वगैरे निघणार नाही, माझी अपेक्षा एका कार्यक्रमपत्रिकेपुरती आहे. (आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइल पेंट फासणाऱ्या समित्यांनाही मॉरिसचं ते पत्र मराठी करून पाठवावं असं फार मनात येतं, पण तो विषय वेगळा.)

तर मागणं असं. तीन गावं कोंबू नका. एकच करा आणि अडीच तास द्या. पन्नास माणसांची बस बायबरीत आणू नका. सायरनसेस्टर सात-आठ मैलांवर आहे, मोठं गाव आहे, मोठ्या गाडीची सोय तिथे बघा आणि पुढे लहान गाड्या करा. खर्च वाढेल, तो तिकिटात घाला, आपले लोक देतील. आणि खरं सांगायचं तर बायबरीच कशाला? थोडं दक्षिणेला फेअरफोर्ड आहे. तिथल्या चर्चमध्ये मध्ययुगीन काचचित्रांच्या अठ्ठावीस खिडक्या आहेत, जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीच्या, आणि असा अख्खा संच इंग्लंडातल्या दुसऱ्या कुठल्या गावच्या चर्चमध्ये उरलेला नाही. बांधलं कुणी? लोकरीच्या व्यापाऱ्याने. नॉर्थलीचलाही लोकरीच्याच पैशातून उभं राहिलेलं देखणं चर्च आहे. तिथे तुमच्या लोकांना रांगेत उभं राहून फोटो काढावा लागणार नाही. मात्र रविवारी सकाळी नेऊ नका, प्रार्थना असते. लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर बाहेरूनच परत फिरायचं, हे मॅनेजरला आधी सांगून ठेवा.

आणि माणशी दोन पौंड पेटीत टाकायला सांगा. आईस्क्रीम त्याहून महाग आहे.

आजींना बसपर्यंत सोडलं तेव्हा बस आठ मिनिटं खोळंबली होती. आतून टाळ्या वाजल्या, थट्टेच्या. मॅनेजर घाम पुसत होता. पायरी चढता चढता आजी त्याला म्हणाल्या, "पुढल्या वेळी सगळ्यांना ने रे. मी एकटीच जाऊन आले, बरं नाही वाटत." पुढल्या वेळी म्हणजे त्या स्वतः येणार नव्हत्या, हे त्यालाही माहीत होतं. तो "हो आजी" म्हणाला. म्हणून हे पत्र त्याच्याऐवजी तुम्हाला.

यंदाच्या मोसमात कुणी माणसं घेऊन येणार असाल आणि आमच्या बाजूच्या खेड्यांतलं चर्च बघायचं असेल तर दार बंद दिसलं म्हणून परत फिरू नका. दिवसा बहुतेक ठिकाणी ते नुसतं लोटलेलं असतं. लोखंडी कडी जड असते, ती उजवीकडे फिरवून खांद्याने ढकलायचं. आणि बाहेर पडताना पुढचं जाळीचं दार तेवढं आठवणीने लावून घ्या. पाकोळ्या आत शिरतात आणि मग त्यांना बाहेर काढायला मला शिडी घेऊन यावं लागतं.

आपली,
किल्लीवाल्या काकू